उजेड वरून, डावीकडून

साळवेकाकांनी माझ्या जुन्या मिक्सरचा फोटो काढायला पावणेदोन तास घेतले, आणि त्यातला पहिला पाऊण तास त्यांनी मिक्सरला हातसुद्धा लावला नाही. समोर स्टूल ओढून बसले आणि नुसते बघत राहिले. सून पसंत करायला आलेली माणसंसुद्धा एवढा वेळ बघत नाहीत. मी दोनदा चहाचं विचारलं, दोनदा त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. शेवटी म्हणाले, "अच्छा. मागच्या बाजूला टवका उडालाय. हे तू मला सांगितलं नाहीस, नीता."

सांगितलं नव्हतं, कारण मी ते कोणालाच सांगणार नव्हते. जुना मिक्सर विकायचा, नवा आणायचा, मधे टवक्याचा विषय काढायचाच कशाला? माझ्या जाहिरातीत मी सरळ लिहिलं होतं, 'अगदी नव्यासारखा'. मिक्सर अकरा वर्षांचा होता.

हे त्या दिवसांतलं, जेव्हा दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना एकदमच सगळं जुनं वाटायला लागलं होतं. देशाची दारं उघडली तेव्हा नोकरदार माणसांनी हौसेनं, शेजाऱ्यांना पेढे वाटून घरात आणलेल्या वस्तू आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. पाठीला पोक असलेले टीव्ही, चालू केलं की खोलीभर फिरणारी वॉशिंग मशिनं, गवताचा वास मारणारे कूलर. आधी कबाडीवाला यायचा आणि लोखंडाच्या भावानं उचलून न्यायचा. मग प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला आणि फोटो काढून ऑनलाइन विकायची टूम निघाली. मीही एक फोटो काढला. त्यात मिक्सर होता, पण त्याच्या आधी डोळ्यांत भरायची ती कोथिंबिरीची जुडी, मग ओलं फडकं, आणि कोपऱ्यात माझ्या नवऱ्याचा, सुधीरचा, गुडघा. दहा दिवसांत एकच फोन आला. एका बाईंना मागच्या टाइल्स कुठे मिळतात ते हवं होतं.

लिफ्टमध्ये साळवेकाकांनी तो फोटो पाहिला. चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ नेला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "यातलं विकायचं काय आहे? सुधीरचा गुडघा असेल, तर तो अजून थोडा उजेडात यायला हवा."

तोवर आमचं नातं लिफ्टपुरतं होतं. मी "कसे आहात काका" म्हणायचे, ते हात कपाळाशी नेऊन "सलाम" म्हणायचे, आणि मजला यायचा. ते आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. नाव बार्नबस साळवे, मूळ नगरचे, वय सत्तरीपार, उंच, किडकिडीत, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक सहा इंची लाकडी पट्टी. पट्टी कशाला, हा प्रश्न सोसायटीत बरेच दिवस चर्चेत होता. कुणी म्हणे शिंपीकाम करतात, कुणी म्हणे वास्तुशास्त्र बघतात.

खरं असं होतं, की काकांनी सरकारी नोकरीत तीस वर्षं उत्खननाच्या जागी फोटो काढले होते. जमिनीतून निघालेल्या खापरांचे, मण्यांचे, फुटक्या रांजणांचे. माणसांचा फोटो त्यांनी आयुष्यात फारसा काढलाच नव्हता. "माणूस हलतो यार," ते म्हणायचे, "खापर हलत नाही." आणि खापराच्या फोटोचे नियम असतात. मागे करडा रंग. उजेड वरून, डावीकडून. शेजारी मोजमापाला पट्टी. जागेचा फोटो असेल तर उत्तर दिशा दाखवणारा बाण. निवृत्त झाल्यावर खापरं संपली, नियम शिल्लक राहिले. ते त्यांनी आमच्या मिक्सर-कुकरांना लावले.

पहिला नियम पुसण्याचा. मिक्सर नव्हे, फोन. "तुझ्या फोनच्या डोळ्यावर तूप आहे," म्हणून त्यांनी कॅमेऱ्याची काच रुमालानं पुसली आणि रुमाल मला दाखवला. खरंच तूप होतं. मग मिक्सर ओल्या फडक्यानं, मग कोरड्या, मग खाचेतली वाळलेली चटणी टूथब्रशनं. बाल्कनीच्या दाराशी टेबल सरकवलं. भिंतीपासून टेबलापर्यंत एकाच ओढीत करडी चादर सोडली, म्हणजे मधे कोपरा दिसत नाही. ट्यूब बंद केली, कारण दोन उजेड एका वस्तूवर भांडतात. सुधीरनं भाबडेपणानं विचारलं, "फ्लॅश मारायचा का, काका?" काकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की तो आत जाऊन कालचा पेपर पुन्हा वाचायला लागला.

मग हा म्हातारा माणूस गुडघ्यांवर बसला. कारण फोटो वस्तूच्या उंचीवरून काढायचा, आपल्या उंचीवरून नाही. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवली, श्वास सोडला, आणि मग बटण दाबलं. पहिला फोटो टवक्याचा. जवळून, शेजारी पट्टी ठेवून.

"अहो काका, तो कशाला?"

"आधी दोष," ते म्हणाले. "लोक दोषाला घाबरत नाहीत यार. लपवलेल्या दोषाला घाबरतात."

त्यानंतर पुढून, बाजूनं, वायर, प्लग, भांड्यातली पाती, बुडाशी लिहिलेला नंबर, आणि शेवटी दिवा लागलेला, चालू मिक्सर. मी ते फोटो पाहिले. अकरा वर्षं ज्याच्यावर मी रोज सकाळी खेकसत होते, तो मिक्सर करड्या चादरीवर घरातल्या कर्त्या बाईसारखा शांत उभा होता. संध्याकाळी जवळच्या वैशाली वस्तीतून एक नवं जोडपं आलं. मुलीनं दारातच विचारलं, "वो पीछे जरा टूटा हुआ, वही है ना?" आणि तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरून नेला.

त्या दिवसापासून सोसायटीत काकांच्या दाराशी रांग लागली. कुणाचा पंखा, कुणाची बाबागाडी, कुणाची ट्रेडमिल, जिच्यावर दोन वर्षं फक्त टॉवेल वाळले होते. काका कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. अट एकच, वस्तूनं काय काय बघितलंय ते सगळं सांगायचं. फ्रीजचं दार कधीपासून कुरकुरतं, कपाटाला ओरखडा कोणी पाडला. लोक सांगायचे. नवरा-बायको एकमेकांना न सांगितलेल्या गोष्टी काकांना सांगायचे, कारण पट्टी समोर ठेवली की काकांपुढे खोटं बोलवत नसे.

गोंधळही कमी झाले नाहीत. पट्टी वस्तूबरोबर मिळणार का, असं विचारणारे फोन तर रोजचेच. पण मोठ्या वस्तूंशेजारी काका पुठ्ठ्याचा उत्तरदर्शक बाण ठेवायचे आणि त्यातून भलतंच निघालं. शेजारच्या वसुंधरा वस्तीतले एक गृहस्थ सोफा बघायला आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "नॉर्थ फेसिंग है, फोटो में देख लिया था. पक्का समझिए." काकांनी त्यांना अर्धा तास समजावलं, की सोफा इथून हलवला की उत्तर त्याच्याबरोबर येत नाही. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिल्कुल ठीक. आप बस वो तीर भी दे दीजिएगा." काकांनी बाण दिला. घरी येऊन दुसरा कापला.

आणि बन्सल आंटींच्या कुकरचं तर काय सांगावं! बुडाला ठोके पडलेला, दांडी एकदा बदललेली, कबाडीवाल्यानंही नाक मुरडलेला कुकर. काकांनी त्याचा फोटो काढून आंटींना दाखवला. आंटी बघतच राहिल्या. "इतना सुंदर था मेरा कुकर?" म्हणाल्या, आणि पदराखाली झाकून घरी घेऊन गेल्या. पुन्हा विकायचं नाव काढलं नाही. ज्यांच्यामुळे विक्रीच राहून जायची असे फोटो काकांना सगळ्यांत आवडायचे.

महिन्यातून एकदा ते मेट्रोनं करोल बागेकडे जायचे. तिथे मोठ्या परीक्षेची तयारी करणारी आपल्याकडची मुलंमुली असायची, बीडची, बार्शीची, परभणीची. त्यातलं कुणी ना कुणी सामान आवरून गावी परतत असे. एका मुलीच्या टेबलाच्या कडेला करकटकानं रेघा मारलेल्या होत्या, परीक्षेला उरलेल्या दिवसांच्या. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, हे झाकता येईल का?" काकांनी नेमका त्या रेघांचा फोटो काढला, असा, की प्रत्येक रेघेची खोली दिसावी. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका मुलीनं ते टेबल घेतलं. म्हणाली, ज्या टेबलावर एवढा अभ्यास झालाय तेच मला हवं. मी हे ऐकलं तेव्हा काकांच्या पायाच पडायचं बाकी होतं. मी ऑफिसात दिवसभर बोलते, समजावते, पटवते, आणि हा माणूस नुसता गुडघ्यांवर बसून एक बटण दाबतो.

या माणसाला वचकात ठेवणारं एकच माणूस होतं, आणि ते त्यांच्याच घरात राहायचं. काकांची थोरली बहीण, सुशीला साळवे, सगळ्या सोसायटीची अक्का. आयुष्यभर इस्पितळात नोकरी, शेवटी मेट्रन. दिल्लीला आधी त्या आल्या, मग धाकट्या भावाला आणून त्याला शिकवलं. लग्न दोघांनीही केलं नाही. अक्कांना वेळ मिळाला नाही, आणि वर्षातले आठ महिने तंबूत राहणाऱ्या काकांना मुलगी कोण देणार? घरात अजूनही वॉर्ड चालायचा. सहाला दिवे, सातला चहा, आणि पाहुण्याची नाडी बघितल्याशिवाय त्याला बिस्किट नाही. काकांना त्या 'बार्नू' म्हणायच्या, आणि ती हाक आली की काका हातातलं काम टाकून उठायचे.

अक्का बाथरूममध्ये पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन चालायला लागल्या. पण एक दिवस त्यांनी मला वर बोलावून घेतलं. काका खाली भाजी आणायला गेले होते.

"नीता, मी नगरला जातेय," त्या म्हणाल्या. "आमच्या बरोबरच्या नर्सेस राहतात तिथे, म्हाताऱ्या बायकांसाठी घर आहे. एक जागा झालीय. नाताळच्या करंज्या करून देते आणि जाते."

"आणि काका?"

"बायकांचं घर आहे ते. बार्नूला दारापर्यंत येता येईल." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याच्या हातनं उचलून घ्यायचं नाहीये मला. बहात्तर वर्षांचा आहे तो. मला उचलताना पडला तर दोघांना कोण उचलणार? तिथे पगारी बायका आहेत, त्यांच्यावर ओरडता तरी येईल."

अक्कांनी आपल्या खाटेच्या दांडीवर हात ठेवला. इस्पितळातली जुनी लोखंडी खाट होती ती, पायथ्याशी हँडल असलेली. हँडल फिरवलं की उशाची बाजू वर यायची. इस्पितळानं काढून टाकलेली ती खाट अक्कांनी निवृत्तीच्या दिवशी घरी आणली होती.

"ही मी जायच्या आधी विकली गेली पाहिजे," त्या म्हणाल्या. "आई गेली तेव्हा तो सात महिन्यांचा होता आणि मी तिसरीत. तेव्हापासून ओळखते मी त्याला. खाट राहिली तर मी गेल्यावर तो इथे येऊन बसेल. दिवस-दिवस बसेल. खाट नसली तर निदान उभा तरी राहील, आणि उभा राहून कंटाळला की बाहेर जाईल. त्याचं हे एवढं मार्गी लागलं की मी सुखानं जाते. नाहीतर तिथे जाऊनही माझा जीव इथेच राहायचा."

म्हणजे काम अगदी सोपं होतं. एक खाट, आणि अख्ख्या पूर्व दिल्लीत ज्याच्या फोटोला तोड नाही असा माणूस. पण डिसेंबर गेला, करंज्या संपल्या, आणि खाटेचा फोटो काही निघेना. आधी काका म्हणाले, धुकं आहे. जानेवारीत दिल्लीला धुकं असतंच. मग म्हणाले, करडी चादर धुवायला टाकलीय. मग म्हणाले, खाट मोठी आहे, आधी विचार करायला हवा. अक्का रोज विचारायच्या, "बार्नू, झाला का विचार?" काका म्हणायचे, "चालू आहे."

एका गुरुवारी ऑफिसात जेवताना माझ्या फोनवर ती जाहिरात आली. मी आधी ओळखलीच नाही. उभ्यानं, वरून काढलेला फोटो. फ्लॅशचा पांढरा डाग बरोबर मधोमध. खाटेची एक बाजू कापलेली, कोपऱ्यात वॉकरचा पाय आणि एक सपात. पट्टी नाही, चादर नाही. आणि सगळाच फोटो पुसट, हललेला. खाली लिहिलं होतं, 'खाट. जुनी.' मी फोटो काढला असता तरी याहून बरा आला असता, आणि माझी पातळी वाचकांना ठाऊक आहेच.

संध्याकाळी मी वर गेले. अक्कांनी भिंग काढून माझ्या फोनवरचा फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग हळूच म्हणाल्या, "हललाय." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, "बार्नू!"

काका येऊन उभे राहिले.

"हा कोणी काढला?"

"मी."

"फ्लॅश मारलास?"

"धुकं होतं, अक्का."

"धुकं बाहेर होतं. खोलीत नव्हतं."

मला वाटलं आता अक्का फैलावर घेणार. पण त्या वॉकर धरून उठल्या. स्वतःच्या खाटेवरची चादर काढली, चौकोनी घडी घातली. उशी काढली. मग बाथरूममधून ओलं फडकं आणून, एक हात वॉकरवर ठेवून, वाकून खाटेच्या दांड्या पुसायला लागल्या. एकेक दांडी, खालपर्यंत. मी पुढे झाले तर मला हातानंच थांबवलं. काका दोन मिनिटं बघत राहिले. मग त्यांनी अक्कांच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि म्हणाले, "राहू दे. उजेड उद्या साडेदहाला येईल."

शुक्रवारी मी रजा टाकली. आयुष्यात बघायच्या काही गोष्टी असतात, त्यातली ती एक होती. धुकं विरघळून उजेड खोलीत उतरेपर्यंत काका दाराशी उभे राहिले. मग कामाला लागले. दांडीवरचा उडालेला रंग आधी, मग गंजाचा एक ठिपका, मग हँडलचा दात, जो झिजला होता. हँडल नीट दिसावं म्हणून ते चक्क जमिनीवर पालथे झोपले. खाट वर येताना जी किरकिर करते, तिचा त्यांनी छोटा व्हिडिओ काढला, म्हणजे घेणाऱ्याला आवाज आधीच कळावा. शेवटी पूर्ण खाट. मोकळी, पुसलेली, उशाकडची बाजू थोडी उचललेली, जणू आता कुणीतरी आधार घेऊन उठून बसणार आहे. अक्का खुर्चीवर बसून हे सगळं बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी माझ्या मुलाच्या बक्षीस समारंभातही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

रविवारी इंदिरापुरमहून एक बाई नवऱ्याला आणि टेम्पोला घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. अक्कांनी त्यांना हँडल फिरवायला शिकवलं, माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते सुधीरला खाटेवर झोपवून दाखवलं, झोपून झोपून जखमा होऊ नयेत म्हणून पाठ कशी बघायची, पावडर कधी लावायची नाही. अर्धा तास वर्ग चालला. काका तेवढा वेळ बाल्कनीत उभे होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन विचारलं, "काका, तो पहिला फोटो मुद्दाम हलवलात ना?"

"फ्लॅश मुद्दाम मारला," ते म्हणाले. "हात आपोआप हलला." खाली टेम्पोवाला दोर सोडवत होता. "मला वाटलं, खाट गेली नाही तर अक्काही जायची नाही. मग तिला वाकून पुसताना बघितलं. ती जाणारच आहे, नीता. खाट राहिली असती तर माझी काळजीही सोबत घेऊन गेली असती. आधीच सामान फार आहे तिचं."

आणि ते जोरात नाक शिंकरून खाट उतरवायला हात लावायला गेले.

अक्का गेल्या. काका त्यांना नगरला दारापर्यंत सोडून चौथ्या दिवशी परत आले. जायच्या आधी अक्कांनी एक हुकूम सोडला होता. दुपारच्या जेवणाचा फोटो रोज पाठवायचा, जेवायला बसायच्या आधी. "तोंडानं विचारलं तर तो काहीही सांगेल," त्या मला म्हणाल्या होत्या. "फोटोत त्याला खोटं बोलता येत नाही." त्याप्रमाणे रोज फोटो जायचे आणि अक्कांचे शेरे यायचे. 'कोशिंबीर कुठे?' 'बटाटा सलग तिसरा दिवस.' काका मला ते शेरे लिफ्टमध्ये वाचून दाखवायचे. मी हसायचे, मजला यायचा. मला वाटायचं, चला, बरं चाललंय.

होळीच्या सुमारास एका रविवारी सकाळी अक्कांचा मला फोन आला.

"नीता, बार्नूचे फोटो फार चांगले येतायत."

"मग छानच आहे की, अक्का."

"छान काय? कालच्या वरणावरचा तुपाचा तवंगसुद्धा दिसतोय. शेजारी लिंबाच्या फोडीची सावली बघ, कशी पडलीय. एवढा फोटो काढायला त्याला पाऊण तास लागतो. तोवर त्या वरणाचं काय होत असेल?" मग आवाज खाली आला. "आणि जो माणूस ताटापुढे पाऊण तास नुसता बसतो, त्याच्यासमोर कुणी बसलेलं नसतं गं."

मला माझीच लाज वाटली. बरोबर त्यांच्या पायाखाली राहत होते मी. रोज दुपारी नसले तरी रविवारी तरी घरी असायचे, आणि वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला की काका जेवायला बसले असतील, एवढंच मनाशी म्हणायचे.

दुपारी मी वर गेले. दार उघडंच होतं. अक्कांची खोली मोकळी होती आणि तिथे कुणी बसलेलं नव्हतं, ती त्यांची व्यवस्था अगदी पक्की झाली होती. काका बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, गुडघ्यांवर होते. स्टुलावर करडी चादर, चादरीवर ताट. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरवा ठेचा, कांदा. भाकरीचा पापुद्रा कडेनं वर आला होता आणि वातड झालेला दिसत होता. भरितावर तेल साचलं होतं. काकांनी मान न वळवता म्हटलं, "दोन मिनिटं. ढग आलाय, जाऊ दे."

"काका," मी म्हटलं, "मला भूक लागलीय."

त्यांनी वळून बघितलं. "जेवली नाहीस?"

"नाही. सुधीर आणि मुलगा बाहेर गेलेत. आणि ही भाकरी मी खाणार नाही, गरम पाहिजे."

मी कितीतरी वर्षं कुणाच्या घरी इतक्या उर्मटपणे जेवण मागितलं नव्हतं. पण काका असे झटकन उठले की गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. "गरम? बिल्कुल! पीठ आहे. बस, बस तू. ठेचा झेपेल ना तुला? तुम्हा सांगलीच्या लोकांना आमचा ठेचा झेपत नाही." ताट बाजूला ठेवून त्यांनी चादर ओढून खुर्चीवर फेकली, परात काढली आणि भाकरी थापायला लागले. थापता थापता त्यांनी मला एका रांजणाची गोष्ट सांगायला घेतली. तो रांजण जमिनीतून काढताना अक्कांची तार आली होती, 'ताप आहे का? लिहीत का नाहीस?' आणि सगळ्या तंबूनं ती वाचली होती. सांगताना ते हसत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

पहिली भाकरी टम्म फुगली. त्यांनी ती माझ्या ताटात टाकली, दुसरं ताट स्वतःला वाढून घेतलं, आणि एकदम आठवण होऊन कपाळाला हात लावला. "अरे, फोटो!" पिठाच्या हातानंच त्यांनी फोन उचलला आणि उभ्याउभ्या, "मग काय झालं माहितेय," म्हणत बटण दाबून पाठवूनही टाकला. गोष्ट अर्धी राहिली होती.

आम्ही दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात फोन वाजला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून निरोप वाचला, मग मोठ्यानं वाचून दाखवला.

"फोटो हललाय. कोण आलंय?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत माझं नाव लिहून पाठवलं, फोन पालथा ठेवला, आणि तवा तापलाय का ते बघायला उठले.